दप्तराचं ओझं आणि पाठीचा कणा : मुलांच्या पाठदुखीबद्दल शिक्षक-पालकांनी जाणून घ्यावं असं काही



जून महिना आला की दप्तराच्या ओझ्याची चर्चा सुरू होते. पेपरात वाकलेल्या मुलाचा फोटो येतो, ग्रुपवर परिपत्रक फिरतं, आपण एक दिवस दप्तरं मोजतो, रजिस्टरला नोंद घेतो आणि विषय पुढच्या जूनपर्यंत मिटतो. पण वर्षभरात केव्हातरी एखादं मूल टेबलाजवळ येऊन म्हणतं, "मॅडम, पाठ दुखतेय." आपल्या खान्देशातलं पहिली-दुसरीतलं मूल असेल तर सरळ अहिराणीत सांगतं, "मनी पाठ दुखस." त्या वेळी आपण काय करतो? बहुतेकदा "खेळताना पडला असशील, जा बस" म्हणून त्याला जागेवर पाठवतो. घरीही तेच होतं. "या वयात कसली पाठ दुखते रे तुझी?" असं म्हणून आई-बाबा हसून सोडून देतात.

बहुतेक वेळा ती पाठदुखी खरंच साधी असते आणि आपोआप जाते. पण काही थोड्या मुलांच्या बाबतीत ती मोठ्या दुखण्याची पहिली खूण असते. ती वेळेवर ओळखली तर मूल पूर्ण बरं होतं, उशीर झाला तर आयुष्यभराचं अधूपण येऊ शकतं. हा फरक ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही. मुलाला रोज पाच-सहा तास बघणारा शिक्षक आणि रोज अंघोळ घालणारी आई हे दोघं तो सर्वात आधी पाहू शकतात. म्हणून हा लेख. यात दप्तर आहेच, पण दप्तराच्या पलीकडचंही आहे.

१. पाठीचा कणा समजून घेऊ

आपल्या पाठीत एकावर एक रचलेली हाडं असतात. त्यांना मणके म्हणतात. मानेत ७, छातीच्या मागे १२ आणि कमरेत ५ असे २४ मणके हलू शकतात. त्यांच्या खाली माकडहाडापर्यंतचे मणके वय वाढतं तसे एकमेकांना जुळून जातात. मणक्यांच्या मधून पोकळ नळीसारखी वाट असते आणि तिच्यातून मज्जारज्जू जातो. मेंदूचे निरोप हातापायांना पोहोचवणाऱ्या नसा त्यातूनच निघतात.

दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. तिला डिस्क म्हणतात, आपली माणसं गादी म्हणतात. अशा २३ गाद्या असतात. गादीची रचना आपल्या खापरावरच्या पुरणपोळीसारखी आहे असं समजा. बाहेरचं आवरण चिवट आणि अनेक पदरी, आत मऊ ओलसर गर. आपण चालतो, उड्या मारतो, तेव्हा बसणारा हादरा ही गादी झेलते.

या गादीबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली, तिच्यात पाणी भरपूर असतं. दिवसभर उभं राहून, बसून ती दाबली जाते आणि थोडं पाणी बाहेर पडतं. रात्री आडवं झाल्यावर ती पुन्हा पाणी शोषते. म्हणून सकाळी उठल्या उठल्या आपली उंची संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटिमीटरने जास्त भरते.

दुसरी, गादीच्या आतल्या भागाला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण आजूबाजूच्या हाडातून झिरपत येतं आणि दाब पडणं, दाब सुटणं या क्रियेने त्याला मदत होते. म्हणजे हालचाल हीच गादीची भाकरी. तासन् तास एकाच स्थितीत बसलेल्या पाठीला ती नीट मिळत नाही.

२. लहान मुलांची गादी सरकते का?

आपल्याकडे मोठ्या माणसांच्या तोंडी "मणक्यात गॅप आलाय", "गादी सरकली" हे शब्द नेहमी असतात. खरं म्हणजे गादी जागेवरून सरकत नाही. तिचं बाहेरचं आवरण कुठेतरी फाटतं किंवा सैल होतं, आतला गर बाहेर डोकावतो आणि शेजारच्या नसेला टोचतो. म्हणून दुखणं कमरेत असलं तरी कळ पायात जाते.

प्राथमिक शाळेच्या वयात हे फार दुर्मीळ आहे, कारण मुलांची गादी ताजी, पाणीदार आणि लवचीक असते. त्यामुळे तिसरीतल्या मुलाची पाठ दुखली की "गॅप आला का हो?" असं घाबरण्याचं कारण नाही.

किशोरवयात मात्र थोड्या मुलांमध्ये हे आढळतं. जोरात पडणं, एकदम जड वजन उचलणं, तालमीत किंवा जिममध्ये कुणी न शिकवता वजन मारणं ही कारणं असू शकतात. काही घरांत तशी प्रवृत्तीही असते. या वयात आणखी एक प्रकार होतो. मणक्याच्या कडेचा वाढीचा भाग अजून पक्का जुळलेला नसतो, तो गादीसोबत तुटून मागे सरकू शकतो. मोठ्या माणसाची तक्रार "पायात मुंग्या येतात" अशी असते. मूल ते नीट सांगू शकत नाही. त्याची पाठ फळीसारखी ताठ होते, ते एका बाजूला झुकून चालतं, खाली वाकायचं टाळतं. बहुतेक मुलं विश्रांती, औषधं आणि योग्य व्यायामाने बरी होतात. शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते.

क्रिकेट कोचिंगला जाणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी एक वेगळी गोष्ट. वेगवान गोलंदाजी करताना कमरेला पुन्हा पुन्हा पीळ बसतो, मागे वाकावं लागतं. त्यातून कमरेच्या मणक्याला बारीक तडा जाऊ शकतो. जसप्रीत बुमराह २०१९ मध्ये अशाच कमरेच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे संघाबाहेर होता आणि २०२३ मध्ये त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया करावी लागली. तो तर पूर्ण वाढ झालेला, रोज फिजिओ सोबत असणारा खेळाडू. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा रोज न थांबता बॉलिंग टाकत असेल आणि मागे वाकल्यावर कंबर दुखते म्हणत असेल, तर "सराव कमी पडतोय" असं समजू नका. बॉलिंग थांबवा आणि दाखवा.

३. दप्तराचं ओझं : नियम काय आहे?

दप्तराचा प्रश्न आजचा नाही. लेखक आर. के. नारायण राज्यसभेचे सदस्य होते, तेव्हा १९८९ मध्ये त्यांनी आपल्या पहिल्याच भाषणात मुलांच्या पाठीवरच्या दप्तराचा विषय मांडला. पुढे प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्ये ओझ्याविना शिक्षण या विषयावर अहवाल दिला. त्यात एक महत्त्वाची गोष्ट होती. दप्तराच्या वजनापेक्षाही न समजता पाठ करण्याचं ओझं मोठं आहे, असं समितीने म्हटलं.

आपल्या महाराष्ट्रात हा विषय मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकेने गेला. जुलै २०१५ मध्ये राज्य शासनाने शासन निर्णय काढला. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि त्याची जबाबदारी मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापनाची, असं ठरलं. तरी ऑगस्ट २०१६ मध्ये चंद्रपूरला सातवीच्या दोन मुलांनी चक्क पत्रकार परिषद घेतली. रोज किमान १६ पुस्तकं-वह्या, पाच ते सात किलोचं दप्तर आणि तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग, हे त्यांनी स्वतः पत्रकारांना सांगितलं. शासन निर्णय होऊन वर्ष झालं होतं. नियम कागदावर असणं आणि मुलाच्या पाठीवर पोहोचणं यात किती अंतर असतं ते या दोन मुलांनी दाखवलं.

त्यानंतर २०२० मध्ये केंद्राचं शालेय दप्तर धोरण आलं. त्यातल्या मर्यादा अशा :

• पूर्वप्राथमिक : दप्तर नाही
• पहिली-दुसरी : १.६ ते २.२ किलो
• तिसरी ते पाचवी : १.७ ते २.५ किलो
• सहावी-सातवी : २ ते ३ किलो
• आठवी : २.५ ते ४ किलो
• नववी-दहावी : २.५ ते ४.५ किलो
• अकरावी-बारावी : ३.५ ते ५ किलो

शाळेत वजनकाटा असावा, दोन्ही खांद्यांवर घेता येईल असं रुंद पट्ट्यांचं दप्तर असावं, दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा, असंही त्या धोरणात आहे. चाकांच्या दप्तराला मात्र त्यात नकार आहे, कारण जिन्यात ते मुलांना लागू शकतं.

आपल्या बालभारतीनेही एक प्रयोग केला. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत आली आणि धड्यानंतर वहीची कोरी पानं जोडली, म्हणजे वेगळी वही आणायला नको. पण मुलं वह्या आणतच राहिली. शेवटी २०२५ च्या सुरुवातीला शासनाने कोऱ्या पानांचा निर्णय मागे घेतला. यातून आपण शिक्षकांनी घ्यायचा धडा सरळ आहे. वर्गात आपण कोणती वही मागतो, कोणत्या दिवशी मागतो, यावर दप्तराचं वजन ठरतं. छापखान्यात ते पूर्ण सुटणार नाही.

४. दप्तरामुळेच पाठ दुखते का?

इथे थोडं थांबून विचार करू. २०१८ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या नियतकालिकात एक आढावा प्रसिद्ध झाला. संशोधकांनी दप्तर आणि पाठदुखी यावरचे ६९ अभ्यास एकत्र तपासले. दप्तराचं वजन, आकार किंवा ते घेण्याची पद्धत यामुळे मुलांना पाठदुखी होते असा पटण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही. पण ज्या मुलांना स्वतःला दप्तर जड वाटत होतं, त्यांच्यात पाठदुखीचा संबंध काही प्रमाणात दिसला.

याचा अर्थ "मग भरा दहा किलो" असा घ्यायचा नाही. जड दप्तराने खांदे दुखतात, मूल पुढे झुकून चालतं, दमतं, जिन्यात तोल जातो, बसमध्ये चढताना मागे ओढलं जातं. एक-दोन किलोमीटर पायी येणाऱ्या लेकराने घामाघूम होऊन वर्गात बसावं आणि लगेच गणित सोडवावं ही अपेक्षाच चूक आहे. दप्तर हलकं करायला एवढी कारणं पुरेशी आहेत.

मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्या. दप्तरामुळे कणा कायमचा वाकडा होतो किंवा गादी सरकते, असं मुलाला सांगून घाबरवू नका. आणि पाठ दुखते म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाचं दुखणं "दप्तरामुळे असेल" म्हणून दप्तराच्या खात्यावर टाकू नका. दप्तर काढून ठेवल्यावरही जे दुखतं, सुट्टीतही दुखतं, त्याचं कारण दुसरं आहे.

५. शाळेच्या फाटकाबाहेरचं ओझं

दप्तरासाठी १० टक्क्यांचा नियम आहे. घरच्या ओझ्याला नियम नाही.

समजा पाचवीतल्या मुलीचं वजन २६ किलो आहे. नियमाने तिचं दप्तर २ किलो ६०० ग्रॅमच्या आत हवं. पण पाणीटंचाईच्या दिवसांत तीच मुलगी शाळेआधी दहा लिटरची कळशी कमरेवर घेऊन दोन खेपा करते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. म्हणजे भांड्याचं वजन सोडूनही तिच्या वजनाच्या ३८ टक्के, तेही एकाच बाजूला. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणीला मुलं जातात. कमरेला झोळी बांधून दिवसभर वाकलेली असतात. मग सोमवारी ते मूल वर्गात पाठ ताठ करून बसलेलं दिसलं, तर त्याला आळशी म्हणू नये.

घरच्या अडचणी आपल्याला माहीत आहेत. मुलांनी घरकामाला हातच लावू नये असं माझं म्हणणं नाही. पण पालकांना एवढं नक्की सांगता येतं : कळशी अर्धी भरा, दोन खेपांच्या जागी तीन करा, बाजू बदलायला सांगा, वाढत्या मुलांना केळीचा घड, खताची गोणी उचलायला लावू नका. गरिबाघरच्या पालकालाही हे जमण्यासारखं आहे.

उलट टोकाची मुलंही आहेत. धुळे-जळगाव शहरात शाळेची रिक्षा, मग ट्यूशन, मग सोफ्यावर मान खाली घालून दोन-तीन तास मोबाइल. यांच्या पाठीवर काहीच ओझं नाही, तरी पाठ आणि मान दुखते. कारण गादीला हवी असलेली हालचालच नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सुचवते. झोपही महत्त्वाची. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. रात्री अकरापर्यंत मोबाइल बघणाऱ्या आणि सकाळी सहाला उठवल्या जाणाऱ्या मुलाचं अंग दुखणारच.

६. वर्गातलं बसणं

आपल्या जिल्हा परिषद शाळांत मुलं बहुधा सतरंजीवर किंवा पट्ट्यांवर बसतात. जमिनीवर मांडी घालून बसणं वाईट नाही. अडचण असते ती मांडीवर वही ठेवून पाऊण तास वाकून लिहिण्याची. बेंच असलेल्या शाळांत वेगळी अडचण. पहिलीचं मूल मोठ्यांच्या बेंचवर बसतं, पाय लोंबकळत राहतात, लिहायला खांदे वर करावे लागतात. यावर खर्च न करता करता येण्यासारखं पुष्कळ आहे :

१. जमिनीवर लिहिताना दप्तर समोर आडवं ठेवून त्यावर पाटी किंवा पुठ्ठा, त्यावर वही. वाकणं बरंच कमी होतं.
२. पाय लोंबकळत असतील तर पायाखाली पाट किंवा वीट.
३. दर तासाला दोन मिनिटं उभं राहणं. पाढे उभ्याने म्हणा, कविता हातवारे करून म्हणा. वेगळा वेळ काढायची गरजच नाही.
४. फळ्याच्या एका बाजूला बसणारी मुलं रोज मान वळवून बघतात. दर आठवड्याला जागा बदला.
५. मुलांना शिक्षा म्हणून ओणवं उभं करणं, अंगठे धरायला लावणं पूर्ण बंद. शारीरिक शिक्षेला कायद्यानेच बंदी आहे.
६. खेळाचा तास गणिताला देऊ नका. लंगडी, लगोरी, खो-खो, कबड्डी यांत धावणं, वाकणं, वळणं, उडी सगळं येतं. पाठीच्या स्नायूंना याहून स्वस्त औषध नाही.

७. कोणती पाठदुखी थांबण्यासारखी नाही?

लेखातला हा भाग कृपया सावकाश वाचा आणि शक्य असेल तर वर्गात लावून ठेवा. खालीलपैकी काहीही दिसलं तर मुलाला डॉक्टरांकडे पाठवायचं :

• पाच वर्षांपेक्षा लहान मूल पाठ दुखते म्हणतं
• दुखणं दोन-तीन आठवड्यांनंतरही कमी होत नाही, उलट वाढतं
• रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, मूल रात्री किंचाळून उठतं
• सोबत ताप, विशेषतः संध्याकाळचा, भूक मंदावणं, वजन घटणं
• आवडीचा खेळही मूल सोडून बसतं
• पाय लुळा पडणं, अडखळणं, पायात मुंग्या किंवा बधिरपणा
• पाठीच्या मधोमध उंचवटा किंवा कुबड
• झाडावरून, गच्चीवरून, गाडीवरून पडल्यानंतरचं दुखणं

आणि सर्वात तातडीचं : पायांतली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा अचानक जाणं. यात "उद्या बघू" नको, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

यातले दोन आजार शिक्षकाने आवर्जून ओळखावेत.

मणक्याचा टीबी. टीबी म्हटलं की आपल्याला खोकला आठवतो. पण तो मणक्यातही होतो आणि त्यात खोकला नसूही शकतो. जंतू मणका आणि गादी दोन्ही पोखरतात, मणका खचतो, कुबड येतं, पुढे पायांतली ताकद जाऊ शकते. एक सोपी खूण आहे. जमिनीवर खडू टाकून उचलायला सांगा. निरोगी मूल कमरेत वाकून उचलतं. ज्याचा मणका दुखतो ते पाठ सरळ ठेवून, गुडघे वाकवून, एक हात मांडीवर टेकवत खाली बसून उचलतं. या खुणेवरून टीबीच आहे असं ठरत नाही, पण डॉक्टरांना दाखवायला ती पुरेशी आहे. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. मणक्याचा टीबी औषधांनी बरा होतो, फक्त कोर्स लांब असतो आणि मध्ये सोडायचा नसतो. घरात कुणाला टीबी झालेला असेल तर मुलाच्या पाठदुखीकडे जास्तच लक्ष द्या.

कण्याचा बाक, म्हणजे स्कोलिओसिस. यात कणा बाजूला वळतो. जगभरात शंभर किशोरवयीन मुलांत दोन-तीन जणांमध्ये थोडाफार असा बाक सापडतो. वाढत जाणारा बाक मुलींमध्ये जास्त दिसतो. याचं कारण दप्तर नाही. गंमत म्हणजे यात बहुधा दुखतच नाही, म्हणून तो राहून जातो. एक खांदा वर, एक खाली, कमीज एका बाजूला लोंबणं, ओढणी सारखी घसरणं या खुणा. मुलाला पाय जुळवून, हात जोडून, ओणवं व्हायला सांगा आणि मागून बघा. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली तर दाखवायचं. सहावी-सातवीच्या मुलींची अशी पाहणी बाईंनी किंवा आईनेच, बंद खोलीत, कपडे न काढता करावी. वाढीच्या वयात लवकर लक्षात आलं तर पट्ट्याने बाक वाढणं थांबवता येऊ शकतं.

८. पायाळू, चोळणं आणि पट्टे

आपल्या गावांत उसण भरली, चमक निघाली की पायाळू माणसाकडे जातात. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्याने पाठीला पाय लावला की उसण जाते असा समज आहे. मोठ्या माणसाची साधी उसण दोन-चार दिवसांत तशीही जाते, म्हणून गुण आल्यासारखा वाटतो. पण मुलाचा मणका आतून टीबीने पोखरला असेल किंवा त्याला तडा गेला असेल, तर त्यावर पाय देणं, जोराने चोळणं, हाड बसवणाऱ्याकडून कडकन आवाज काढून घेणं धोक्याचं आहे. आजी-आजोबांशी वाद न घालता सांगा, "आधी डॉक्टरला दाखवू, मग बघू." मेडिकलमधून कमरेचा पट्टा आणून लहान मुलाला महिनोन्महिने बांधणंही नको. त्याने स्नायू आणखी दुबळे होतात.

९. कुठे दाखवायचं?

आपल्या शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा तपासणीला येतं. त्या दिवशी नुसती उंची-वजनाची यादी पुढे करू नका. ज्या मुलांबद्दल शंका आहे त्यांची नावं आधीच काढून ठेवा आणि डॉक्टरांना स्वतः सांगा. पथक यायला वेळ असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. पुढे धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, जळगावलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

पालकांबरोबर एक चिठ्ठी द्या. डॉक्टरांना तिचा खूप उपयोग होतो. त्यात पाच ओळी पुरेत :

१. दुखणं कधीपासून आहे?
२. नेमकं कुठे? (मुलाला एका बोटाने दाखवायला सांगा)
३. रात्री दुखतं का? ताप असतो का?
४. वर्गात चालण्या-बसण्यात, खेळण्यात काय फरक दिसला?
५. पडणं, मार, घरात टीबी असं काही आहे का?

मुलाला हे प्रश्न त्याच्या बोलीत विचारा. "वेदना कोणत्या स्वरूपाची आहे?" याला तो गप्प बसेल. "रातले दुखस का?" असं विचारलं की पटकन सांगेल.

१०. वर्गात घ्यायचे उपक्रम

उपक्रम १ : आपलं दप्तर आपण मोजू (तिसरी ते पाचवी, गणित). शाळेतल्या वजनकाट्यावर मूल आधी दप्तरासकट उभं राहील, मग दप्तराशिवाय. वजाबाकी केली की दप्तराचं वजन मिळालं. स्वतःच्या वजनाला १० ने भागलं की मर्यादा मिळाली. वजाबाकी, दशांश, तुलना सगळं यात आलं. मुलांची वजनं मोठ्याने वाचू नका, बारीक किंवा जाड मुलाला चिडवलं जातं.

उपक्रम २ : आत काय आहे? दप्तरातली एकेक वस्तू मोजा. रिकामं दप्तर ७०० ग्रॅम, भरलेली एक लिटरची बाटली ११५० ग्रॅम, डबा ४०० ग्रॅम असेल तर बेरीज २ किलो २५० ग्रॅम होते. २४ किलोच्या मुलाची मर्यादा २ किलो ४०० ग्रॅम. म्हणजे पुस्तकांना उरले १५० ग्रॅम! शाळेत प्यायला चांगलं पाणी असेल तर बाटली रिकामी आणता येते आणि एक किलो तिथेच कमी होतो. पाण्याची टाकी धुणं हाही दप्तर हलकं करण्याचाच उपाय आहे.

उपक्रम ३ : कण्याचं मॉडेल (परिसर अभ्यास). दोऱ्याची रिकामी रिळं म्हणजे मणके, भांडी घासायच्या स्पंजच्या गोल चकत्या म्हणजे गाद्या. दोरीत आलटून पालटून ओवा. वाकवून दाखवा. ज्या बाजूला वाकतो तिथे स्पंज दबतो, दुसऱ्या बाजूला फुगतो. मधली दोरी म्हणजे मज्जारज्जू. एकदा हातात घेतलं की मुलं विसरत नाहीत.

उपक्रम ४ : सकाळ-संध्याकाळची उंची (घरचा अभ्यास). अंथरुणातून उठल्याबरोबर भिंतीला टेकून खूण, रात्री झोपताना पुन्हा खूण. आई-बाबांनी मदत करायची. फरक का पडला ते दुसऱ्या दिवशी मुलांनीच सांगायचं.

उपक्रम ५ : वेळापत्रकाची आठवडी सभा. शनिवारी पाच मिनिटं मुलांना विचारा, "या आठवड्यात कोणती वही आणली पण उघडलीच नाही?" जे उत्तर येईल ते पुढच्या सोमवारपासून घरी किंवा शाळेच्या कपाटात राहील. ही सूचना मुलांकडून येते, म्हणून ती टिकते.

शेवटी

शिक्षक मित्रांनो, दप्तर मोजायचं रजिस्टर जरूर ठेवा. पण त्याच रजिस्टरच्या शेवटच्या पानावर एक छोटी यादी करा : कोणत्या मुलाने कोणत्या तारखेला पाठ दुखते सांगितलं. तेच नाव दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा आलं तर पालकांना बोलवा. सातव्या मुद्द्यातली एखादी खूण सोबत असेल तर तेवढंही थांबू नका. पालकहो, तुमचं मूल पाठ दुखते म्हणालं तर अंघोळीच्या वेळी त्याची पाठ एकदा नीट बघा, रात्री झोप कशी लागते ते बघा, आणि शंका आली तर सरांना, बाईंना सांगा.

लेख उपयोगी वाटला तर आपल्या शाळेच्या पालकसभेत सातवा मुद्दा जरूर वाचून दाखवा. कण्याचं मॉडेल केलं तर मुलांना काय काय प्रश्न पडले तेही कळवा, त्यावर पुढच्या पाठात बोलू.